मुदत पाच वाजेपर्यंत

या, असे जवळ सरका. मोबाइल खिशात ठेवा आणि नीट मांडी घालून बसा. मोठ्याने सांगायची ही गोष्ट नाही, आणि मधूनच उठून चहाला जायची तर नाहीच नाही. पाचशे माणसांच्या डोळ्यांदेखत एक माणूस भर दुपारी नाहीसा झाला आणि एका बाईने त्याला शोधून काढला, तेवढंच सांगतो. पाव तास द्या. सांगून झाल्यावर एक मागणं मागणार आहे, ते मात्र नाही म्हणू नका.

१

कार्ल्याच्या अलीकडे आमची वाडी. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन असं रंगलं होतं की टाळ धरलेले आमचे हात थांबायला तयार नव्हते. सव्वाबाराला महाराजांनी हंडी फोडली, लाह्या उधळल्या आणि लगेच पंगती बसल्या. एकच्या ठोक्याला चाँदभाईने टेम्पो मंडपाच्या तोंडाशी आणून उभा केला.

"मारुती कुटं हाय? निघायची येळ झाली."

कुणी म्हणालं पंगतीत असेल, कुणी म्हणालं आत्ता तर होता. चाँदभाई पंगतीतून दोनदा फिरला आणि तिसऱ्यांदा धावत फिरला. मग भोंग्यावरून पुकारा झाला, "मारुती येवले असतील तिथून मंडपात हजर व्हावे." तीनदा पुकारलं. मारुती आला नाही.

मारुती कोण ते सांगतो. सोळा वर्षांपूर्वी शेताच्या बांधावर पाण्यावरून भांडण पेटलं. मारुतीच्या हातात फावडं होतं. एकच घाव बसला आणि शालूबाईचा नवरा गेला. मारुतीला जन्मठेप झाली. त्याच्या भावजयीचं, झुंबरबाईचं, खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्याला तीस दिवसांची पॅरोलची रजा मिळाली होती. ती आज संपत होती. संध्याकाळी पाच वाजता पुण्याच्या कारागृहात हजर व्हायचं. त्याच्या सुटकेची फाईल नुकतीच वर गेली होती. आज तो चुकला असता तर फाईल खाली आली असती आणि परत कधी वर जाईल ते देव जाणे. त्याला जामीन म्हणून सही होती त्याच्या जुन्या दोस्ताची, चाँदभाईची.

चाँदभाई मंडपाच्या खांबाला टेकला. लोणावळ्याच्या दुकानांना चिक्कीची खोकी पोचवणारा धडधाकट माणूस, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"असा न्हाई जायचा तो," एवढंच म्हणत राहिला.

आणि तेवढ्यात मारुतीचा पुतण्या कैलास घराकडून आला. "तात्याची पिशवी बी न्हाई घरात," तो म्हणाला.

२

बंदोबस्ताला हवालदार नथू गायखे होता. सरळ, कामाचा माणूस. त्याने पाऊण तासात वाडी पालथी घातली. शाळेच्या खोल्या, सोसायटीचं गोदाम, भातगिरणी, देवळाचं कोठार. जिथे जिथे कुलूप दिसलं तिथली किल्ली मागवून उघडून पाहिलं. मारुती कुठेच नव्हता.

मग कैलासने सांगितलं, "मी आयेला औषध द्याया घरी गेलतो. साडेबारा झालं आसत्याल. परड्यात हुतो, तात्या मागल्या अंगानं आला. दार लोटलेलं व्हतं. ढकलून आत शिरला, पिशवी घेतली नि फाट्याकडं गेला. मला वाटलं टेम्पोतच बसाया चाललाय."

"तवाच का न्हाई बोलला?"

"घरचा मानूस हाय सायेब. काय बोलू?"

नथूने खिशातून फोन काढला. "फरार म्हनून कळवतो. सोळा वर्सं आत काढली, कट्टाळला असंल बिचारा."

"हवालदार, फोन जरा थांबवा."

बायकांच्या पंगतीतून एक बाई उठल्या होत्या. पिकलेले केस, सुती साडी, कपाळाला बुक्का. तळेगावच्या राजेश्वरीबाई सोनटक्के. कैद्यांच्या रजेच्या अर्जांची चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलेलं काम. निवृत्त झाल्यावर कीर्तनाचा नाद लागला. मारुतीनेच निरोप धाडून त्यांना काल्याला बोलावलं होतं.

"दोन-तीन वर्षं काढलेला कैदी असता, तर तुमच्या आधी मीच फोन केला असता," त्या म्हणाल्या. "नव्या माणसाला बाहेरच्या हाका ऐकू येतात. बायको, धंदा, जुनं वैर. तो सुटीवर आला की पळायची भीती असते. वर्षं सरतात तशा हाका कमी होतात. दहाच्या पुढचा माणूस मुदतीच्या आधी तासभर येऊन दाराबाहेर बसलेला असतो. एक तर आदल्या दिवशीच आला होता."

"मंग ह्यो का न्हाई जाऊन बसला?"

"तेच तर कळत नाही. मला तीन वाजेपर्यंत वेळ द्या."

"अडीच."

"तीन. इथून पुण्याला पोचायला दोन तास लागतात. तीननंतर तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, मी सही करते."

नथूने घड्याळ पाहिलं. एक पन्नास.

३

पहिला संशय चाँदभाईवरच होता. बारा ते एक त्याचा टेम्पो वाडीत नव्हता आणि ते चारजणांनी पाहिलं होतं.

"गॅस भराया गेलतो हायवेला," चाँदभाई उसळला. "लाईन केवढी हुती ते जाऊन बघा. मी त्याला पळवीन? सही माझी हाय, बाई! माझी बायकू रशिदा म्हनली हुती, दुसऱ्याच्या जन्मठेपेवर तुमी कशाला अंगठा उठवताय. म्हनलं, अंगठा न्हाई, सही करतोय, मला लिवता येतं."

राजेश्वरीबाई हसल्या. मग विचारलं, "महिनाभर तुमच्याबरोबर हिंडला. कसा होता?"

चाँदभाई जरा विरघळला. "काय सांगू? लोनावळ्याला हाटेलात नेला. मला फोन आला म्हनून भाईर गेलो, गप्पांत अर्धा तास गेला. परत येऊन बघतो तर फुड्यात पानी बी न्हाई. वेटर दोनदा इचारून गेला, ह्यो गप. म्हनलं, आरं मागायचं की! तर म्हनतो, तू सांगितलं न्हाईस."

शालूबाई मंडपाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी भांडी विसळत होत्या. सोळा वर्षं विधवा. मारुती नाहीसा झाल्याचं समाधान वाटावं असं वाडीत कुणी असेल तर त्याच, असं लोकांना वाटत होतं. राजेश्वरीबाई शेजारी बसल्या आणि एक ताट विसळायला घेतलं.

"माज्याकडं संशय हाय व्हय?" शालूबाईंनी विचारलं.

"नाही. पण तो तुमच्या दारात आला होता, असं कळलं."

शालूबाईंनी राखेचा हात थांबवला. "आलता. रजेवर आल्याच्या चौथ्या दिशी. अंगनात हुबा. ना हाक, ना कडी. मी फटीतून बघत हुते. म्हनलं, हुबा ऱ्हा, वाळ. घंटाभर हुबा व्हता बाई, उन्हात. शेवटी म्याच दार काढलं. तर म्हनतो, 'माफी मागाया न्हाई आलो. तोंड दावाया आलो. पुरं करून परत यीन, तवा काय बोलायचं ते बोला.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? पानी दिलं." त्यांनी ताट ओढून घेतलं. "आन् त्यो पळाला न्हाई. मला त्याचा लय राग हाय, पन पळाला न्हाई."

मग राजेश्वरीबाई आम्हा टाळकऱ्यांकडे वळल्या. "तुम्हाला काय दिसलं आठ दिवसांत?"

मी अभिमानाने सांगितलं. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो, आणि पुढचा माणूस आला की आपल्या गळ्यातली काढून त्याच्या गळ्यात घालायची. परवा मारुतीच्या पुढचा माणूस आलाच नाही. मारुती चार तास उभा राहिला. पाय थरथरत होते, पण 'पुढचा कुठे आहे' म्हणून तोंडातून शब्द नाही. आम्ही सगळ्यांनी रांग लावून त्याचे पाय धरले. म्हटलं, भक्ती असावी तर अशी.

राजेश्वरीबाईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, त्यांनाही भक्तीचंच भरतं आलं.

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही चुकलात. आणि तीस वर्षं मीही."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

४

झुंबरबाई घरात पुढच्या खोलीत खाटेवर होत्या. भोंग्यावर कीर्तन ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला होता. मागच्या दाराने कोण आलं, कोण गेलं, काही ठाऊक नव्हतं. दीर नाहीसा झाल्याचं त्यांना कुणी धड सांगितलंही नव्हतं.

"भावजी पळालं? आवो, तेस्नी पळता येतंय का?" त्या उठायला गेल्या आणि कळवळल्या. "त्यांना दार उगडता येत न्हाई!"

"दार उघडता येत नाही म्हणजे?"

"हे बगा, दार लोटलेलं आसतं आमचं, कडी आसत न्हाई. तरी हे भाईर हुबे. पयल्या दिशी मला वाटलं लाजत्यात. दुसऱ्या दिशी बी तेच. महिना झाला, मी हितनं वरडते, 'भावजी, या की आत.' तवा येत्यात. न्हायतर समीक्षा उगडती. आतून भाईर जायाचं तरी तसंच. दारापाशी जाऊन हुबं ऱ्हायाचं."

समीक्षा, कैलासची मुलगी, उंबऱ्यात उभी होती. तिने मान हलवली. "रोज सकाळी मीच उघडते. एकदा मी मुद्दाम उघडलं नाही, गंमत म्हणून. आजोबा बराच वेळ उभे राहिले आणि मग खाली बसले. मला इतकं कसंतरी झालं, परत नाही केली."

राजेश्वरीबाईंनी बाहेर येऊन नथूला आणि कैलासला हाक मारली. आम्हीही मागे होतोच.

"कैलास, तू काय म्हणालास ते एकदा परत सांग. तात्याने काय केलं?"

"दार ढकललं, आत आला..."

"कुणी हाक मारली होती का आतून?"

"न्हाई. आई झोपली व्हती."

"तू उघडलंस?"

"मी परड्यात हुतो म्हनलं की."

"हवालदार, ऐकलंत?" राजेश्वरीबाई म्हणाल्या. "तीस दिवसांत ज्याने स्वतःच्या घराचं लोटलेलं दार एकदाही ढकललं नाही, त्याने आजच ढकललं म्हणे."

कैलासच्या कपाळावर घाम आला. पण तो ताठ होता. "म्हंजी मी खोटं बोलतो? मंग तात्या कुटं हाय? मी गिळला का?"

सगळी कुलपं उघडून झाली होती. अडीच वाजले.

५

राजेश्वरीबाई देवळाच्या पायरीवर बसल्या. आम्ही भोवती उभे होतो.

"पिशवी तूच नेलीस, हे उघड आहे," त्या कैलासला म्हणाल्या. "म्हणजे तो फाट्याकडे गेलाच नाही. इथेच आहे. पण पाचशे माणसांतून त्याला ओढत नेला असता तर कुणीतरी पाहिलं असतं. म्हणजे तो आपल्या पायांनी चालत गेला. कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि तो गेला." मग नथूकडे वळल्या. "तुम्ही कुठे कुठे पाहिलंत?"

"कुलपाच्या समद्या खोल्या. येक सोडली न्हाई."

"आणि बिनकुलपाच्या?"

नथू हसला. "बाई, उगड्या खोलीत मानूस कोंडतंय का कोन?"

"सोळा वर्षं आत काढलेल्या माणसाला कोंडायला कुलूप कशाला लागतं, हवालदार?"

नथूचं हसू गेलं.

"वाडीत अशी खोली कुठली," त्यांनी आम्हाला विचारलं, "जिला कुलूप नाही, जिच्यापाशी आज कुणाचं काही काम नाही, आणि जी इथून दहा पावलांवर आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जुनी तालीम."

देवळाच्या मागे दगडी तालीम आहे. पोरं कुस्ती खेळत होती त्याला जमाना झाला. आता तिथे मंडपाचे बांबू ठेवतात, आणि आज बांबू सगळे मंडपात होते. आम्ही पंधराजण त्या दारावरून दुपारपासून वीस वेळा गेलो असू. दार नुसतं लोटलेलं. कडी लोंबत होती.

राजेश्वरीबाईंनी एका बोटाने दार ढकललं.

मारुती दारापासून हातभर अंतरावर उभा होता. टोपी हातात, मान खाली, पाठ ताठ. भोंग्यावर 'हजर व्हावे' ऐकलं तेव्हापासून तो तसाच उभा होता. दीड तास.

"मारुतीभाऊ," राजेश्वरीबाईंनी विचारलं, "हाक ऐकलीत, मग बाहेर का नाही आलात?"

"कैलास म्हनला हुता, महाराजांची गाठ घालतो, बोलवीस्तवर हितंच बसा." त्याने उजेडाला डोळे बारीक केले. "म्हनलं, येळ झाली की न्याया येत्यालच कोनतरी. सोळा वर्सं येत्यात."

कैलास मटकन खाली बसला. "मी कुलूप लावलं न्हाई," तो रडत म्हणाला. "कडी बी न्हाई लावली. पयल्या दिसापास्न बगत हुतो त्यो दारात कसा थांबतो ते. समीक्षाचं तळेगावला जमलंय. पावनं म्हनलं, चुलता आत हाय तवर आमाला काय न्हाई. पन सुटून घरला येनार आसंल तर इचार करावा लागंल. आत आसला की लोक इसरत्यात, सायेब. भाईर आला की रोज याद."

समीक्षा मागेच उभी होती. तिने बापाकडे पाहिलंही नाही. पुढे झाली, आजोबांच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "पाहुण्यांना मी स्वतः फोन करते. तुम्ही घरी येणार आहात, हे माझ्याच तोंडून सांगते. पटलं तर पटलं."

नथूने वही काढली. मारुतीने हात जोडले. "लिवू नगा सायेब. पोरीचं लगीन हाय."

"ते नंतर बघू," चाँदभाई ओरडला. "तीन वाजलं! पिशवी काढ रं कैलास, कुटं टाकलीस ती!"

पिशवी वैरणीखाली सापडली.

६

जुन्या हायवेने टेम्पो निघाला. पुढे चाँदभाई, मध्ये मारुती, कडेला राजेश्वरीबाई. मी मागे रिकाम्या खोक्यांत. वडगावपर्यंत बरं चाललं होतं. तळेगावच्या चौकात कंटेनर आडवा झालेला, तिथे सतरा मिनिटं गेली. चाँदभाई हॉर्न वाजवत होता आणि सगळ्या देवांची नावं घेत होता, त्याच्या आणि आमच्याही.

मागच्या जाळीतून मला राजेश्वरीबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"मी अहवालात लिहायचे, 'दीर्घ शिक्षा भोगलेला बंदी, मुदतीत परतला, रजा यशस्वी.' किती जणांबद्दल लिहिलं असेल. एकालाही विचारलं नाही की बाबा, तू का परतलास? तुम्हाला मी आज तालमीत पाहिलं आणि ते सगळे डोळ्यांपुढे आले. सुधारून परतले किती, आणि जायचं कुठे तेच विसरले म्हणून परतले किती, मला सांगता येणार नाही."



चार सेहेचाळीसला आम्ही पोचलो. कारागृहाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून कमान दिसते. राजेश्वरीबाईंनी टेम्पो वळणावरच थांबवायला लावला. चाँदभाईने उतरून दार उघडलं. मारुती खाली उतरला, पिशवी घेतली आणि उभा राहिला.

राजेश्वरीबाई म्हणाल्या, "मारुतीभाऊ, मी तुम्हाला जा म्हणणार नाही. थांबा पण म्हणणार नाही. तुम्हाला परत जायचंय का, एवढंच विचारते."

"बाई!" चाँदभाई किंचाळला. "हे काय इचारताय? सही माझी हाय!"

"माहीत आहे. तुम्हीही काही बोलायचं नाही. कुणीच नाही."

काय सांगू तुम्हाला ते पुढचं. आठ दिवस अखंड नाम ऐकलेले माझे कान, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती. मारुती रस्त्याच्या कडेला उभा. एक रिक्षा गेली. शाळा सुटलेल्या दोन मुली गेल्या. चार पन्नास झाले. तो आमच्याकडे बघत होता, एकेकाकडे. कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून. चाँदभाईने तोंडात रुमाल कोंबला. राजेश्वरीबाईंनी मान फिरवली, आणि त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या काही बोलत नव्हत्या, नाम घेत होत्या.

चार त्रेपन्न. मारुतीचा पाय हलला आणि परत जागेवर आला.

चार पंचावन्न.

"न्हाई," मारुती म्हणाला.

त्याच्या तोंडून हा शब्द महिनाभरात कुणी ऐकला नव्हता. त्यालाही तो नवा वाटला असावा, कारण त्याने परत उच्चारला, जरा मोठ्याने. "न्हाई बाई. मला आत जायाचं न्हाई. मला घरी जायाचंय. झुंबरवैनीला धरून चालवायचंय. पोरीचं लगीन बगायचंय."

चाँदभाईने डोळे मिटले.

"पन शालूबाईला म्हनलोय, पुरं करून यीन. आन् ह्या येड्यानं सही केली." त्याने पिशवी खांद्यावर टाकली. "म्हनून जातो. कोन न्हेतंय म्हनून न्हाई. मी जातो."

आणि तो निघाला. आधी सावकाश, मग झपझप, आणि शेवटची पन्नास पावलं अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस चक्क धावला. उशीर झाला म्हणून पंगतीकडे धावावं तसा नव्हे, हो. शेतावर पाणी सोडायची आपली पाळी आली की माणूस धावतो, तसा. चार अठ्ठावन्नला तो कमानीखालून दिसेनासा झाला.

राजेश्वरीबाई फुटपाथवर बसून मोकळेपणाने रडल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चाँदभाई, चहा पाजा. तीस वर्षांत पहिल्यांदा एक यशस्वी पाहिला."

मारुतीच्या सुटकेचा कागद अजून आलेला नाही. फाईल कुठल्याशा टेबलावर आहे. कैलास दर महिन्याला भेटीला जातो आणि जाळीच्या अलीकडे मान खाली घालून बसतो, असं चाँदभाई सांगतो. समीक्षाचं लग्न वैशाखात आहे, तळेगावच्या त्याच पाहुण्यांच्या घरात.

आता माझं मागणं. आज घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, स्वतःचं, लेकराबाळांचं जे काय मागायचं ते मागून घ्याल. उठायच्या आधी एवढं करा. मारुती येवले, एवढं नाव एकदा घ्या. वैशाखाच्या आत त्याचा कागद यावा.